ग्राफची उजवी बाजू

आसावरी पांढरीपांडे रागीट आहे, असं ॲरिझोनातल्या आमच्या चँडलर गावातले मराठी लोक पूर्वीपासून म्हणत आले आहेत. गणपतीच्या कार्यक्रमात माइक खरखरला की साउंडवाल्याला सुनावणारी तीच, आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये लहान मुलांच्या आधी मोठ्यांनी ताटं भरली की रांगेत उभं राहून मोठ्यांदा बोलणारीही तीच. मी तिला पंचवीस वर्षं ओळखते. माझं मत वेगळं आहे. चुकीची गोष्ट दिसल्यावर ती दिसलीच नाही असं बाकीच्यांना करता येतं, तिला येत नाही, एवढाच फरक. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी ती जी चिडली, तो राग मी त्याआधी कोणाच्याच तोंडावर पाहिला नव्हता. आणि त्या वेळी मी तिच्या बाजूला उभी नव्हते, हेही इथे सांगून टाकते.

ती नागपूरची. मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. झाली, लग्न झालं आणि अतुलच्या मागोमाग ॲरिझोनात आली. अतुल चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे सात वर्षं ती घरात होती. ग्रीन कार्ड आलं त्याच आठवड्यात ती एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये गेली आणि काचेची भांडी धुण्याचं काम मागितलं. सहा महिन्यांत ती प्रयोगाच्या प्लेट्स तयार करायला लागली, आणि दोन वर्षांत अशी वेळ आली की ती सुट्टीवर गेली की लॅब थांबायची. तिचं आडनाव तिथे कोणाला उच्चारता येत नसे, म्हणून सगळे तिला ‘मिसेस पी’ म्हणत. हुद्दा टेक्निशियनचा. तो शेवटपर्यंत टेक्निशियनचाच राहिला.

लॅबचा विषय होता, उष्णता वाढली की पेशी काय करते. प्रयोग यीस्टवर व्हायचे, आपण पावाच्या पिठात घालतो त्याच यीस्टवर. मला विज्ञानातलं काही कळत नाही, पण आम्ही दोघी एकाच गाडीने कामावर जायचो, तेव्हा तिने मला ते समजावलं होतं. पेशीत हजारो जीन्स, म्हणजे जनुकं, असतात, पण सगळी एका वेळी चालू नसतात. जे हवं तेवढंच चालू, बाकीचं बंद. ऊन वाढलं की पेशीतली प्रोटिन्स वेडीवाकडी व्हायला लागतात. मग पेशी वाढायचं थांबवते, त्या कामाची जीन्स बंद करते आणि संकटाची म्हणून राखून ठेवलेली जीन्स उघडते. त्यांच्यापासून जी प्रोटिन्स तयार होतात ती बाकीच्यांना सरळ करत बसतात.

“स्वयंपाकघरात आग लागली तर तू पोळ्या लाटत बसशील का?” तिने मला विचारलं होतं. “तसंच.”

थोडा चटका आधी बसला असेल तर पेशी तयारीत राहते आणि पुढचा मोठा चटका सोसते, हे जगाला बरीच वर्षं माहीत होतं. आसावरीचं काम त्याच्या पुढचं होतं. हे पेशी किती वेळा करू शकते? तीन उन्हाळे ती एकच प्रयोग करत होती. यीस्ट तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं. एका गटाला मध्ये विश्रांती द्यायची, दुसऱ्याला नाही. मग काचेच्या प्लेट्सवर जगलेल्या पेशींचे पांढरे ठिपके मोजायचे. विश्रांती मिळालेला गट बारा फेऱ्यांनंतरही बरा होता. न मिळालेला गट पहिल्या तीन फेऱ्यांत झकास दिसायचा, पहिल्यापेक्षा तिसऱ्या फेरीत जास्तच तगडा. चौथीपासून घसरायचा. सहावीला प्लेट जवळजवळ कोरी. संकटाची जीन्स चालू असतात तेव्हा बाकीची कामं थांबलेली असतात, आणि ती बंद करायला उसंतच मिळाली नाही तर त्या बचावापायीच पेशी मरते. त्यावरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा सहा लेखकांत तिचं नाव चौथं होतं. पण त्यातला तिसरा ग्राफ पूर्ण तिच्या हातचा होता. डावीकडे चढणारी रेघ, उजवीकडे कोसळणारी.

आता मनोहर काकांबद्दल. ते हिमानीचे वडील. हिमानी आमच्याच गल्लीत राहते, आयटीत आहे. काका यवतमाळकडे एसटीत कंडक्टर होते. काकू गेल्यावर हिमानीने त्यांना इकडे आणलं आणि ग्रीन कार्ड करून घेतलं. सहा वर्षं ते एसीच्या घरात बसून होते. मग बासष्टाव्या वर्षी त्यांनी कोणाला न विचारता पार्सलच्या यार्डात नोकरी धरली. हिमानी रडली, भांडली. काका म्हणाले, दिवसभर भिंती बघून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे, निदान चार माणसं तरी दिसतील. काम ट्रेलरमध्ये पार्सलं लावण्याचं. ट्रेलर म्हणजे पत्र्याची लांब खोली, उन्हात उभी, आत पंखासुद्धा नाही.

जूनच्या शेवटी ते एकदा आसावरीच्या घरी आले, छातीवरचा बॅज दाखवायला. बॅजवर हिरवं स्टिकर होतं. पाच दिवस उन्हात काम केलं की ते मिळतं, असं त्यांनी सांगितलं. स्टिकर मिळालं म्हणजे शरीर उन्हाला सरावलं. मग दर तासाला मिळणारी सुट्टी तीन तासांनी मिळते, आणि ट्रेलर लवकर भरतात म्हणून सुपरवायझर खूश असतो. सुपरवायझरने त्यांना विचारलं होतं, तू भारतातला ना, गरम भागातला? मग तुला काय होणार आहे. काका हे हसत हसत सांगत होते. त्यांनाही ते खरंच वाटत होतं. विदर्भातला माणूस आहे मी, ते म्हणाले, मे महिन्यात वणीच्या गाडीत उभा राहिलोय.

आसावरीने त्यांना तेव्हाच सांगितलं की ते अंगात आयुष्यभर राहत नाही. उन्हाची सवय शरीर दहा-पंधरा दिवसांत लावून घेतं आणि महिनाभरात सोडूनही देतं. सहा वर्षं एसीत बसलेल्या माणसाला यवतमाळचा मे कामाला येत नाही. काकांनी मान डोलावली, चहा प्यायला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तिने नंतर मला अनेकदा सांगितलं, “तेव्हाच मी यार्डात जायला हवं होतं.”

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पारा एकशे सोळावर होता, म्हणजे सत्तेचाळीस सेल्सिअस. काका दुपारी तीन वाजता ट्रेलरच्या आतल्या टोकाला पडले. बाहेरच्यांना वाटलं ते पार्सलं लावतायत. वीस मिनिटांनी कोणीतरी आत डोकावलं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा अंगात एकशे सात ताप होता आणि ते मुलीच्या नावाने नाही, आईच्या नावाने हाका मारत होते. चार दिवस व्हेंटिलेटरवर होते. जगले. पण दोन्ही किडन्या गेल्या.

पाचव्या दिवशी हिमानीने काकांच्या पिशवीत सापडलेले कागद आसावरीच्या हातात दिले. मी तिथेच होते, हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात. यार्डाच्या मॅनेजरने हिमानीला फोनवर सांगितलं होतं की आमचा कार्यक्रम शास्त्रीय पायावर आहे. हिमानी म्हणाली, ताई, तुम्ही सायन्सच्या आहात, बघा ना हे काय आहे. ते चकचकीत घडीपत्रक होतं. वर हेल्मेट घातलेला हसरा माणूस, खाली मोठ्या अक्षरांत ‘तुमच्या पेशींना जुळवून घेणं येतं’, आणि त्याखाली ग्राफ.

आसावरीने तो ग्राफ बघितला. तिने पत्रकाची घडी टेबलावर सपाट केली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “हा माझा आहे.”

चढणारी रेघ तिथे होती. तिसऱ्या फेरीपर्यंत. चौथीपासून पुढचा भाग कापलेला होता आणि त्या जागी हिरवं स्टिकर छापलं होतं. तळाशी बारीक अक्षरांत निबंधाचा संदर्भ होता, तिच्या नावासकट. ते यीस्ट आहे, माणूस नाही, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पत्रक ज्या सल्लागार कंपनीने केलं होतं तिचं नाव मागच्या बाजूला होतं, आणि संपर्कासाठी जिचं नाव होतं ती आमच्या ओळखीची निघाली. प्रीता. इथेच जन्मली, इथेच वाढली. लहानपणी दर रविवारी ती आसावरीकडे मराठी शिकायला यायची. ‘ळ’ म्हणता येत नाही म्हणून रडायची. आता चौतीस वर्षांची आहे, उद्योगांना उष्णतेबद्दल सल्ला देते.

त्या शनिवारी आसावरीने तिला कॉफीला बोलावलं. काय झालं ते मला आसावरीने सांगितलं, आणि पुढे प्रीतानेही, आणि दोघींचं सांगणं जुळतं. प्रीता म्हणाली की तिला मनोहर काकांबद्दल फार वाईट वाटतंय, पण पत्रकात खोटं काही नाही. एकही आकडा बदललेला नाही.

“उजवी बाजू कुठे गेली?” आसावरीने विचारलं.

“मावशी, इट्स अ ब्रोशर. वर्कर्सना पूर्ण ग्राफ कन्फ्यूजिंग वाटला असता.”

“त्यांनी कन्फ्यूज व्हायला हवं होतं. कन्फ्यूज झाले असते तर बाहेर येऊन बसले असते.”

प्रीताने सांगितलं की कापायचा निर्णय तिचा एकटीचा नव्हता, क्लायंटला एक पान हवं होतं. आणि जुळवून घेणं खरंच असतं, नाही का? आसावरी म्हणाली, असतं. त्याची किंमत असते, तेवढीच तू कापलीस. मग ती उठली आणि कॉफी तशीच टाकून निघून आली.

दोन दिवसांत ही गोष्ट आमच्यात सगळीकडे झाली. आमच्या मराठी मंडळाच्या लोकांनी आसावरीला फोन केले. प्रीता आपलीच मुलगी आहे, तिचं करिअर खराब करू नकोस. हिमानीने वकील गाठलाय, तो बघेल. तुझ्या नोकरीचा विचार कर. असं सांगणाऱ्यांत मी होते. मी तिला म्हटलं, आता तू चिडून काकांच्या किडन्या परत येणार आहेत का? ती म्हणाली, “त्या यार्डात आज एकशे बारा आहे, आणि लोक आत आहेत.” त्यानंतर आठवडाभर ती तिच्या तिच्या गाडीने गेली.

लॅबचे मुख्य डॉक्टर हॉलिस हे साठीचे, सभ्य गृहस्थ. आसावरी त्यांच्याकडे पत्रक घेऊन गेली. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, वाईट आहे असं म्हणाले, आणि कंपनीला एक सौम्य पत्र लिहू या असं सुचवलं. तिने सांगितलं की ज्या गावात ते यार्ड आहे तिथल्या सिटी कौन्सिलपुढे उन्हात काम करणाऱ्यांसाठी सावली, पाणी आणि विश्रांतीचा नियम येतोय, पुढच्या आठवड्यात जाहीर सुनावणी आहे, आणि मी तिथे बोलणार. डॉक्टर म्हणाले की लॅबच्या नावाने बोलता येणार नाही. या वर्षीचं अनुदान अजून मंजूर व्हायचं आहे आणि हा विषय राजकीय आहे. शिवाय, यीस्ट शेवटी यीस्टच.

“मला तेच जाऊन सांगायचंय,” ती म्हणाली.

सुनावणीला मी गेले. तिने बोलावलं नव्हतं, पण मी तिच्या दारात गाडी घेऊन उभी राहिले आणि ती दार उघडून आत बसली. अतुल ऑफिसमधून थेट आला. हॉल गच्च भरला होता. छपरं घालणारे, रस्ते करणारे, बागांत काम करणारे लोक मागे भिंतीला टेकून उभे होते. पुढच्या रांगेत यार्डाचा वकील होता आणि त्याच्या शेजारी प्रीता. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. वकिलाने त्याच्या दोन मिनिटांत ‘सायन्स’ हा शब्द पाच वेळा वापरला. कंपनीचा कार्यक्रम नियमापेक्षा पुढे गेलेला आहे, तो म्हणाला, कारण तो शरीराच्या स्वतःच्या क्षमतेवर विश्वास ठेवतो.

आसावरीने ग्राफ मोठा छापून आणला होता. ती माइकपुढे गेली. मग तिने नाव सांगितलं, आणि हा ग्राफ मी तीन वर्षं मोजून काढलाय असं सांगितलं. तिचं इंग्रजी एरवी स्वच्छ आहे. त्या दिवशी ते नागपूरच्या वळणावर गेलं. तिने चढणारी रेघ दाखवली आणि म्हणाली, इथपर्यंत तुम्हाला दाखवलंय. मग कोसळणारी दाखवली. हे कापलंय. इथे प्लेटवर काहीच उरत नाही. ज्या माणसाच्या बॅजवर हे हिरवं स्टिकर होतं तो आता आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून बसतो.

घंटा वाजली. माइक बंद झाला. ती बोलतच राहिली. अध्यक्षबाईंनी दोनदा थांबायला सांगितलं. पुढचा नंबर हिमानीचा होता. ती उठून आसावरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझी दोन मिनिटं यांना द्या.

एका कौन्सिलरने तेव्हा विचारलं, माणूस आणि यीस्ट एकच असं तुमचं म्हणणं आहे का? प्रश्न टोचून विचारलेला होता. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं.

“नाही,” आसावरी म्हणाली. “तसं त्यांचं म्हणणं आहे, म्हणून त्यांनी माझं यीस्ट छापलं. माझं म्हणणं एवढंच की त्यांनी त्या माणसाला यीस्टइतकीही उसंत दिली नाही.”

मागच्या भिंतीजवळून टाळ्या आल्या. अध्यक्षबाईंनी त्या थांबवल्या. आसावरी हसली नाही, जागेवर येऊन बसली नाही. ती सरळ हॉलबाहेर गेली. मी गेले तेव्हा ती पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीच्या बॉनेटवर मूठ आपटत होती. मी तिचा हात धरला. हात भाजलेला होता.

नियम झाला. दर दोन तासांनी दहा मिनिटं, सावली, थंड पाणी, आणि नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात कमी काम. पण तपासणी कोण करणार, ते कलम शेवटच्या दिवशी काढून टाकण्यात आलं. यार्डाने स्टिकरं बंद केली आणि मनोहर काकांच्या बाबतीत कोणतीही चूक कबूल न करता तडजोड केली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात आसावरीचं आडनाव चुकलं होतं.

डिसेंबरात लॅबने तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कारण अनुदानाचं दिलं. डॉक्टर हॉलिसनी तिला शिफारसपत्र दिलं, खूप चांगलं. ती ते घेऊन कम्युनिटी कॉलेजात गेली आणि आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना बायॉलॉजी शिकवते. तिच्या वर्गात पेशी आणि जीन्सच्या धड्याला नेमून दिलेल्यापेक्षा दुप्पट तास जातात, अशी तक्रार आहे. ती तक्रार ती मान्य करते.

काकांना मी दर गुरुवारी डायलिसिसला नेते. ते मशीनवर असताना फारसं बोलत नाहीत. एकदा म्हणाले, हिमानीच्या आईचं बरं झालं, तिला हे बघावं लागलं नाही.

मंडळात आसावरीला कोणी काही म्हणत नाही, पण तिला पूर्वीसारखं बोलावतही नाहीत. प्रीताचे आईवडील आसावरी आली की दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात. अतुल म्हणतो, आता सोडून दे. ती म्हणते, काय सोडू ते सांग, मग सोडते.

या मार्चमध्ये प्रीताचा तिला ईमेल आला. मराठीत, रोमन अक्षरांत लिहिलेला. तिने ती नोकरी सोडली होती. खूप दिवस झोप येत नव्हती, असं लिहिलं होतं, आणि सॉरी म्हटलं होतं. आसावरीने मला तो फोनवर वाचून दाखवला. मला वाटलं आता तरी तिचा राग उतरेल. मी तसं म्हटलंही.

“मला तिचं सॉरी नकोय,” ती म्हणाली. “ते पत्रक आणखी कुठे कुठे गेलंय, त्याची यादी हवी आहे.”

हेच तिने प्रीताला उत्तरात लिहिलं, एका ओळीत. दोन आठवडे काही आलं नाही. मग यादी आली. अकरा यार्ड, तीन राज्यं. प्रीताने प्रत्येकापुढे पत्ता आणि तिथल्या माणसाचं नाव दिलं होतं, खाली स्वतःचं काहीच लिहिलं नव्हतं. आसावरीने अकरा पत्रं लिहिली आणि प्रत्येकासोबत ग्राफ जोडला, पूर्ण. ती पाकिटं बंद करायला मी तिच्या घरी गेले होते.

आतापर्यंत परराज्यातल्या फ्रिस्को गावाजवळच्या एकाच यार्डाचं उत्तर आलंय, की पत्र संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. आसावरीने त्या विभागाचा फोन नंबर शोधून काढला. दर सोमवारी पहिला तास सुरू होण्याआधी ती तिथे फोन करते आणि कोणीतरी उचलेपर्यंत थांबते.